चुकीच्या कपाटातला खडकशेपू

एस्तेरताई साळव्यांनी मला तीस वर्षांत एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. त्या मला ‘फर्स्ट क्लास’ म्हणायच्या. जिन्यात, भाजीवाल्यासमोर, माझ्या व्याह्यांच्या देखत, एकदा तर बँकेच्या रांगेत. “ए फर्स्ट क्लास, पासबुक आणलंस का?” रांगेतली माणसं वळून बघायची. त्यांना वाटत असावं, ही बाई रेल्वेत आहे.

हे नाव मी स्वतःच्या कर्तबगारीने मिळवलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आमच्या ह्यांची बदली दिल्लीला झाली आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. बत्तीसाव्या वर्षी मला जगातलं जेवढं कळत होतं, तेवढं आज सत्तराव्या वर्षी कळत नाही. त्यातही मी बॉटनीची पदवीधर. दिल्लीच्या पाण्याने माझे केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा मी ठरवलं की बाजारचं तेल आणायचं नाही. माका शोधायचा आणि घरीच तेल करायचं. आजीच्या तेलात माका असायचा, त्याला बारीक पांढरं फूल येतं आणि तो ओलाव्याला उगवतो, एवढं मला पक्कं आठवत होतं. क्वार्टरच्या मागे एक नळ कायम गळायचा. तिथे बारीक पांढऱ्या फुलांचं रान माजलं होतं. मी टोपली घेऊन बसले.

वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज आला. “काय खुडताय?”

वर बघितलं तर एक सावळ्या, उंच बाई. पांढरी साडी, मोकळं कपाळ, गळ्यात बुटाची नाडी आणि नाडीला लटकवलेलं छोटं भिंग.

“माका,” मी म्हटलं.

“पान बोटात चोळून बघितलंत का?”

त्यावर मी जे बोलले ते आठवलं की आजही अंगावर पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. मी म्हटलं, “मी बॉटनीची आहे. फर्स्ट क्लास.”

“बरं,” असं म्हणून बाई आत गेल्या.

मी तेल उकळलं. रात्रभर मुरवलं. सकाळी चोपडून न्हाले. दुपारपर्यंत माझं कपाळ पुरणपोळीसारखं फुगलं आणि डोळ्यांच्या जागी दोन फटी उरल्या. ह्यांनी ऑफिसातून येऊन दार उघडलं आणि “कौन?” असं हिंदीत विचारलं. संध्याकाळी त्या वरच्या बाई एक वाटी ताक आणि एक रोपटं घेऊन आल्या. रोपट्याचं पान त्यांनी माझ्या बोटात चोळायला लावलं. बघता बघता बोट काळं पडलं.

“हा माका. काळा पडतो. तुम्ही उकळलंत ते गाजरगवत. ते परदेशी आहे, जहाजातल्या गव्हाबरोबर आलंय. तरी दोघंही एकाच घरातले, सूर्यफुलाच्या. म्हणजे सेकंड क्लासला चाललं असतं.” मग माझ्या सुजलेल्या तोंडाकडे नीट बघून म्हणाल्या, “ताक लावू नकोस, पी. आणि डॉक्टरकडे जा, फर्स्ट क्लास.”

‘तुम्ही’वरून त्या ‘तू’वर आल्या त्या त्याच क्षणी, आणि पुन्हा वर गेल्या नाहीत.

एस्तेरताई मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. बोलण्यात अधूनमधून ‘प्रभूची कृपा’ यायचं आणि त्याला जोडूनच एखादी सणसणीत नगरी शिवीही. त्यांचं मोकळं कपाळ बघून मी मनातल्या मनात त्यांना विधवा करून टाकलं होतं. एकटी बाई, कोण करून घालणार, म्हणून मी दर बुधवारी डब्यात भाजी पाठवायची. डबा घासून परत यायचा, कधी त्यात दोन लिंबं असायची. वर्षभराने मी एकदा चेहरा लांब करून विचारलं, “ताई, तुमचे मिस्टर कशाने गेले हो?”

“माझे मिस्टर आलेच नाहीत गं. मी लग्न नाही केलं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“भाजी बंद झाली असती.”

त्यांची नोकरी एका सरकारी वनस्पतिसंग्रहात होती. देशभरातून शास्त्रज्ञ झाडं गोळा करायचे, वर्तमानपत्रांत दाबून वाळवून पाठवायचे. एस्तेरताई ती जाड पांढऱ्या कागदावर बसवायच्या. पानं डिंकाने, आणि जिथे देठ जाड असेल तिथे सुईदोऱ्याने टाका. टाका असा की समोरून दिसायला नको आणि पन्नास वर्षं हलायला नको. मग उजव्या कोपऱ्यात खाली लेबल चिकटवायचं: झाडाचं नाव, ते कुठे मिळालं, कोणी आणलं. टाके कोणी घातले हे लिहायची पद्धत नाही. शिक्षण म्हणाल तर त्या जेमतेम मॅट्रिक. पण रोज आठ तास झाडाच्या चार इंचांवर तोंड ठेवून बसायचं, असं पस्तीस वर्षं. आम्ही कॉलेजात झाडं फळ्यावर बघितली होती.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमाने मला पार छळलं. कुठलंही झाड दाखवून “हे काय?” विचारलं की त्या नाव सांगायच्या नाहीत. “काय दिसतं ते सांग.” पानं समोरासमोर की एकाआड एक? देठाला लव आहे? फुलाखाली हिरवी दळं किती ओळींत? मी दोन गोष्टी सांगून नावाकडे धाव घेतली की म्हणायच्या, “नाव शेवटी. लग्न जमायच्या आधी बाळाचं नाव ठेवतेस का?”

सूर्यफुलाच्या कुळावर त्यांचं विशेष प्रेम. त्याला त्या ‘एकत्र कुटुंब’ म्हणायच्या. झेंडू घ्या, शेवंती घ्या, माका घ्या. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ती खरं तर शेकडो फुलांची वस्ती असते. जी पाकळी वाटते ते अख्खं एक फूल, आणि मधल्या गोंड्यातला एकेक कणही एक अख्खं फूल. हे मी बी.एस्सी.ला पाठ केलं होतं, बारा मार्कांना. पण डोक्यात शिरलं ते एस्तेरताईंनी गच्चीवर भिंग माझ्या डोळ्याला लावून सांगितलं तेव्हा.

“ह्या कडेच्या बघ. ह्या मिरवणाऱ्या सुना. माशी त्यांच्याकडे बघून येते. आणि मधल्या ह्या बारक्या, गर्दीत उभ्या राहून स्वयंपाक करणाऱ्या. बहुतेक बी त्यांच्यातच धरतं.”

“आणि मी कुठली हो?”

“तू खालचं हिरवं दळ. सगळ्यांना धरून बसलीयेस आणि तुला वाटतंय तूच फूल.”

एस्तेरताई साठीला निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडून मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला गेल्या. नगरला भाची होती, ती बोलवत होती. गेल्या नाहीत. मुनिरक्याच्या त्या इमारतीत सगळे विद्यार्थी. पहाटेपर्यंत जागे आणि दुपारी बारापर्यंत झोपलेले. ते त्यांना ‘आंटी’ म्हणायचे, त्यांच्याकडून शर्टाची बटणं लावून घ्यायचे. बटण असं बसायचं की शर्ट फाटावा, पण बटण निघू नये. आम्हीही पुढे नोएडाला फ्लॅट घेतला. मी महिन्यातून एकदा डबा घेऊन मुनिरक्याला जायची. भाजी काही बंद झाली नाही.

अशाच एका भेटीत माझ्या लक्षात आलं की त्या माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतायत.

“ताई, कानातलं नवीन नाही हो.”

“कानातलं दिसतंय. तुझं तोंड दिसत नाहीये.” चहाचा कप चाचपून त्यांनी अलगद खाली ठेवला. “डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. तुझं तोंड सोडून सगळी खोली दिसते. तसा फायदाच आहे.”

मी हसले नाही. त्या हसल्या, पण एकट्याच आणि थोडंसंच. मग म्हणाल्या, “आता आणखी दोन पावसाळे कडेचं तरी दिसेल म्हणतायत. त्यात मला एक काम उरकायचंय. तू येशील?”

आणि मग जे त्यांनी मला तीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

नोकरीला लागून तेव्हा त्यांना दोनच वर्षं झाली होती. रविवारी चर्च सुटल्यावर त्या रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या खडकाळ टेकडीच्या रानात फिरायला जायच्या, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला. पावसाळा अर्धा सरला होता. खडकांमध्ये त्यांना बोटभर उंचीचं एक झाड दिसलं. पानं शेपूसारखी बारीक कापलेली, चोळलं तर शेपूसारखाच वास. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं कोणी भेटलं. नगरच्या माळावर शेरडं वळताना हे पायाखाली असायचं. तिकडे त्याला खडकशेपू म्हणतात. नाव शेपूचं, पण झाड शेपूच्या घरातलं नाही. ते सूर्यफुलाच्या घरातलं. ह्याला बारीक पिवळं फूल येतं, त्याची वस्ती असते, हे त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. मात्र रिजवर सापडलं त्याला अजून फूल आलं नव्हतं.

त्यांनी ते वाळवलं, सगळ्यात चांगला टाका घातला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. टाके घालणाऱ्या बाईने झाड आणायची रीत नव्हती. पण साहेब भला माणूस होता. म्हणाला, “अच्छा, तुमने खुद इकट्ठा किया? तो लिखो अपना नाम.” त्यांनी लेबलवर लिहिलं: स्थानिक नाव खडकशेपू, आणणार ई. साळवे.

“मग साहेबांनी विचारलं, ये शेपू क्या होता है? मी म्हटलं, सर, सोया. सोये का साग.”

हे मात्र आम्हा दिल्लीतल्या मराठी बायकांचं रोजचंच. बाहेर पाऊल टाकलं की शेपूचा सोया होतो. माझी लेक तर इथेच वाढली. तिला शेपू म्हटलं की खोकला आल्यासारखं वाटतं.

“साहेब घाईत होते. पान नाकाशी धरलं, म्हणाले, हाँ, महक भी वही है. आणि शेपूच्या कुळाचं नाव लिहून टाकलं. शीट गेली शेपू-कोथिंबिरीच्या कपाटात.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“फूल नव्हतं ना गं. फुलाशिवाय सिद्ध काय करणार? आणि मी वाद घातला असता तर साहेब म्हणाले असते, शंका आहे तर राहू दे, फेकून द्या. बिनफुलाची शीट तशीही ठेवत नाहीत. हजारो शीटा शिवल्या मी. त्या एकीवर माझं नाव होतं.” त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. “झाडाच्या नावापेक्षा मला माझं नाव प्यारं झालं, फर्स्ट क्लास. पंचेचाळीस वर्षं ते चुकीच्या घरात बसलंय. कोणी पोरगं पुढे त्याच्यावरून लिहील की हे शेपूचं भावंड आहे.”

“मग मधल्या काळात…”

“दुसऱ्या वर्षी गेले, तिथे खडी टाकली होती. तिसऱ्या वर्षी आईचं आजारपण. मग सवय झाली. चुकीची सवय लवकर होते.”

खडकशेपू वर्षायु आहे. पावसाबरोबर उगवतो, फुलतो, बी टाकतो, दिवाळी उलटली की वाळून उडून जातो. म्हणजे काम वर्षातल्या सहा-सात आठवड्यांतच होणार. आणि एस्तेरताईंकडे असे दोनच पावसाळे होते.

पहिला पावसाळा आम्ही वाया घालवला. तो संपूर्ण माझा दोष. मी बासष्ट वर्षांची तरतरीत तरुणी, गुडघ्याला पट्टा बांधून रिजवर गेले आणि प्रत्येक बारीक पानाच्या झाडाला खडकशेपू म्हणत सुटले. गाजरगवताचं पिल्लूसुद्धा सोडलं नाही. एस्तेरताई दर वेळी पान चोळायच्या, हुंगायच्या आणि “पुढे” म्हणायच्या. अकराव्यांदा “पुढे” म्हटल्यावर मी दगडावर फतकल मारली आणि ओरडले, “मला हे जमत नाही!”

“ते दिसतंच आहे. तू झाड बघतच नाहीयेस. तू माझ्यासाठी नाव शोधत्येस.”

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांना कपातला चहा किती उरला हेही दिसेनासं झालं होतं. मेट्रोतून उतरून ई-रिक्षा केली तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, “हस्पताल जाना है, माताजी?” तिथे मोठं हॉस्पिटल आहे आणि आम्ही दोघी तशाच दिसत होतो. एस्तेरताई म्हणाल्या, “लौटते वक़्त देखेंगे.”

त्या दिवशी मी ठरवून नावाचा विचारच केला नाही. खडकांत बसून फक्त सांगत गेले. जमिनीलगत पसरलंय. पान बारीक कापलेलं, दोऱ्यासारखं. देठावर लव नाही. टोकाला पिवळं फूल, तांदळाएवढं.

“पाकळ्या किती?”

“एकच दिसत्ये, बाजूला. मधे गोंडा… पाकळी नाही हो! कडेची सून! एकच सून आहे, आणि मधल्या पाच-सहा.”

एस्तेरताईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, “चोळ. दे इकडे.” त्यांनी बोटं नाकाशी धरली आणि कितीतरी वेळ खाली घेतली नाहीत.

मला राहवेना. नातीने फोनमध्ये झाडं ओळखणारं अॅप घालून दिलं होतं. मी गुपचूप फोटो काढला. फोनने क्षणभर विचार केला आणि मोठ्या आत्मविश्वासाने शेपूचं नाव दाखवलं. मी ते एस्तेरताईंना वाचून दाखवलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खडकाला धरावं लागलं.

“अगं बाई! साहेब अजून नोकरीतच आहेत!”

पण काम झालं नव्हतं. त्यांचं म्हणणं, फूल पुरे नाही, फळ हवं. शेपूचं फळ दोन फोडींत फुटतं. ह्याचं फुटत नाही. काळं, चपटं, डोक्यावर दोन शिंगं. ते दाखवलं की कोणाची हिंमत नाही. त्या दिवशी सगळी झाडं फुलावर होती, फळ एकालाही नाही. मी म्हटलं, एक घेऊन तर जाऊ. नाही म्हणाल्या. तीन आठवड्यांनी ये.

तीन आठवड्यांनी गेलो तर त्या जागी नुकतीच गवतकापणी झालेली. फिरायला येणाऱ्यांसाठी वाट केली असावी. खडक हजामत केल्यासारखे स्वच्छ. पुढचा पावसाळा ह्या बाईंच्या डोळ्यांना नव्हता. मी वाकून वाकून बघत होते आणि खोटं बोलत होते: “थांबा हो, दिसेल, इथेच असेल.”

“ओरडू नकोस. उभी राहा.” एस्तेरताई कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, मान चिमणीसारखी तिरपी. त्या ज्याच्याकडे बघतील ते त्यांना दिसत नसे. दिसायचं ते बाजूचं. “माझ्या डाव्या हाताला काय आहे?”

“मोठा खडक. पलीकडे कचरा.”

“खडकाच्या चिरेत काहीतरी हललं. बारीक. गवतासारखं ताठ नाही हललं.”

मी गुडघ्याचा पट्टा, वय, अब्रू सगळं विसरून खडकामागे रांगत गेले. मशीन तिथे पोहोचलं नव्हतं. चिरेतून ते खाली ओघळलं होतं, आणि सुकत चाललेल्या गोंड्यांतून काळ्या काटक्या बाहेर आलेल्या. मी भिंग लावलं. काळं. चपटं. कडेला लव. डोक्यावर दोन शिंगं. मी एकेक सांगत गेले. माझा आवाज नको इतका वर चढला होता.

“झाडं किती आहेत?” त्यांनी विचारलं. दहा असतील तर एक घ्यायचं, कमी असतील तर हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा.

“पुष्कळ.”

“मोज.”

मी मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजायला लावली. पुन्हा अकरा.

“घे. मुळासकट.” आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, “आता म्हण नाव.”

“खडकशेपू,” मी म्हटलं. शास्त्रीय नाव मला बारा मार्कांच्या काळातही येत नव्हतं.

शीट त्यांनी स्वतः शिवली. दोरा मी ओवून द्यायची, बाकी बोटांनी. टाका पहिल्यासारखाच, समोरून दिसत नव्हता. लेबल मी लिहायला घेतलं, त्या सांगत होत्या. ‘आणणार’ या शब्दापाशी मी ‘ई’ काढलं तेवढ्यात म्हणाल्या, “काय करत्येस? तू बघितलंस, तू खुडलंस. तुझं नाव घाल.”

“ताई, सापडलं तुम्हाला. आणि जुनी शीट त्यांनी काढून टाकली तर? मग तुमचं नाव…”

“मला माहीत नाही का ते? लिही.”

मी लिहिलं. दोघींचं लिहिते म्हटलं तर पेन हिसकावून घेतलं असतं. तीस वर्षांत त्यांना माझं खरं नाव ठाऊक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी दुरुस्त केला.

वनस्पतिसंग्रहातली आताची अधिकारी एक तरुण मुलगी होती. एस्तेरताई निवृत्त झाल्या तेव्हा ती शाळेत असेल. एस्तेरताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हिंदीत, काहीही न वगळता. साहेबांची घाई, स्वतःचा ‘सोया’ आणि त्यानंतरचं आपलं गप्प बसणंही. मुलगी ऐकून घेऊन म्हणाली, “आंटी, नाम तो मुझे ही देना पड़ेगा. पहले मैं देखूँगी.” आणि दोन्ही शीटा घेऊन आत गेली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एस्तेरताई गुडघे जुळवून, पर्स मांडीवर घेऊन, इंटरव्ह्यूला आल्यासारख्या. तासभर तशाच. मी दोनदा डबा उघडू का विचारलं, मान हलवली.

मुलगी बाहेर आली. डोळ्यांभोवती मायक्रोस्कोपचे वळ उमटलेले. म्हणाली, “आप सही हैं. सूरजमुखी वाला ही है. पुरानी शीट की पत्ती भी मिलती है.” दोन्ही शीटांवर तिने छोटी चिठ्ठी चिकटवली, नवीन कुळ, नवीन नाव, खाली तिची सही. मग जुन्या शीटवर पेन टेकवून थांबली. “ये लोकल नेम का क्या करें? इसी से तो गड़बड़ हुई. काट दूँ?”

“नहीं,” एस्तेरताई म्हणाल्या. “उसका नाम वही है. सोया मैंने बोला था, उसने नहीं.”

मुलीने पेन बंद केलं. “और शीट? बिना फूल की हम रखते नहीं, पर…” तिने दोन्ही शीटा एकाच फोल्डरमध्ये घातल्या. “साथ में रहने देते हैं. आप ख़ुद रख देंगी, आंटी? अलमारी याद है?”

त्यानंतर त्या हिवाळ्यात भाची येऊन एस्तेरताईंना नगरला घेऊन गेली. पुढे फोन व्हायचे, पण भेट झाली नाही, आणि दोन वर्षांनी तो फोनही भाचीनेच केला. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट उभं बघितलं ते तिथेच.

बाहेरच्यांना कपाटांच्या रांगेत जायची परवानगी नाही. मी दारातल्या पिवळ्या पट्टीवर थांबले. आतून डांबरगोळ्यांचा वास येत होता. एस्तेरताई कोणाचा हात न धरता आत गेल्या, एका हातात फोल्डर, दुसरा हात लोखंडी कपाटांवरून फिरवत, मनात मोजत. मधे एकदा थांबल्या, एक कपाट मागे आल्या, दार उघडलं. वाकल्या नाहीत, कप्पा कितवा हे हाताला ठाऊक होतं. पण फोल्डर आत सरकवण्याआधी त्यांनी तो कपाटाच्या कडेवर टेकवून उघडला, आणि जुन्या शीटच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बोट ठेवलं. शाई बोटाला लागत नाही. तरी त्यांनी बोट डावीकडून उजवीकडे सावकाश नेलं, एका ओळीवरून. मग फोल्डर मिटला, आत ठेवला, दार लावलं आणि मूठ एकदा ओढून बघितली, नीट बसलीय की नाही.